कॉम्प्युटर बंद करू नका

मी डिंभ्याला पाटबंधारे खात्याच्या कॉलनीत राहायचो, तेव्हा माझ्या आठवड्यात माझा म्हणावा असा एकच तास होता. रविवारी सकाळी दहा ते अकरा. त्या तासात माझी मुलगी नाशिकहून माझ्याशी बोलायची. बोलायची म्हणजे कॉम्प्युटरवर टाइप करायची. इंग्रजी अक्षरांतून मराठी, आणि तीही अर्धी खाल्लेली. मी इकडे एका बोटानं अक्षरं शोधत बसायचो, तोवर तिची तीन वाक्यं येऊन पडलेली असायची. मग चौथं यायचं, ‘पप्पा झोपलात का?’

हा तास कसा ठरला ते आधी सांगतो. मी आणि तिची आई वेगळे झालो तेव्हा मुलगी सहावीत होती. आमच्या गावी, निमगाव सावाला, विहारात दोन्हीकडची माणसं बसली. चहा झाला, जुनं सगळं उकरून झालं, आणि शेवटी मुलीच्या मामानं अट घातली की मी त्यांच्या घरी फोन करायचा नाही. मी फोनवर रागाच्या भरात काय काय बोललो होतो ते त्यानं बसलेल्या सगळ्यांना ऐकवलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळे मला मान खाली घालून बसावं लागलं. मुलीची आई मात्र म्हणाली, पोरीला बापापासून तोडायचं नाही. ती ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची आणि घरीही एक घेणार होती. तिनंच सुचवलं की रविवारी सकाळी तासभर बापलेकीनं कॉम्प्युटरवर बोलावं. लिहिलेलं राहतं, वेडंवाकडं काही बोललं तर दिसतं. हे शेवटचं ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

तेवढ्यासाठी मी कॉम्प्युटर घेतला. नाहीतर धरणाच्या पाण्याची पातळी रजिस्टरात लिहिणाऱ्या माणसाला घरी कॉम्प्युटर कशाला लागतो? मंचरला एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथं नवी मशीनं आली तेव्हा जुन्यातलं एक मी उचललं. क्लासवाले माझ्याच वयाचे, बोलायला मोकळे. त्यांनी ते जीपमध्ये घालून, खाली-वर गोधड्या लावून, स्वतः आणून बसवलं. टेलिफोनची वायर मोडेमला जोडली, चॅटचा प्रोग्राम टाकून दिला आणि मला दोनदा शिकवून तिसऱ्यांदा हात जोडले.

कॉलनी तेव्हा ओस पडत चालली होती. धरण बांधून झालं होतं, साहेब लोक दुसऱ्या प्रकल्पांवर गेले होते, आणि एका रांगेतल्या सगळ्या क्वार्टर्सना कुलपं लागून खिडक्यांपर्यंत गवत आलं होतं. दिवे लागायचे ते चार घरांत. त्यातलं एक माझं, एक चौकीदाराचं. एसटी आली तर आली. मोबाइलची रेंज मिळायला बांधाच्या वरच्या टोकाला जावं लागे आणि माझ्याकडे मोबाइल नव्हताही. घरातला टेलिफोन तेवढा होता, आणि त्यावर कुणाचा फोन येत नसे.

तरी ती तीन वर्षं मी चांगली म्हणेन. मुलीचा पहिला प्रश्न ठरलेला. आज पाणी किती? मी पातळी सांगायचो. मग जेवायला काय केलं? मी म्हणायचो भात आणि चिलापी. ती म्हणायची परत चिलापी? आता जलाशयाकाठी राहणाऱ्या माणसानं मासे सोडून दुसरं काय खावं, पण मी पुढच्या रविवारी मुद्दाम काहीतरी वेगळं करायचो, तिला सांगता यावं म्हणून. एकदा पुरणपोळी करायला गेलो आणि पातेलं करपवलं. तो किस्सा लिहून सांगायला मला पूर्ण तास लागला आणि ती पलीकडून नुसती हसण्याची अक्षरं पाठवत राहिली. मी पुढं वाकून ती अक्षरं अगदी स्क्रीनजवळून बघितली होती, इतका मी येडा.

ती नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. एका रविवारी पाणी किती हे तिनं विचारलंच नाही. तिनं लिहिलं, ‘पप्पा, मम्मी लग्न करतेय. काका चांगले आहेत. या मे महिन्यात मी तिकडे येणार नाही, नवीन घर लावायचंय.’

 मी ‘बरं’ एवढंच लिहिलं आणि कॉम्प्युटर बंद केला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. म्हणजे तिची चाळीस मिनिटं मी घशात घातली. तिच्या आईच्या लग्नाचं मला दुःख झालं असं नाही, ते कधीतरी होणारच होतं. पण मे महिन्याच्या सुट्टीत ती राहायला येणार म्हणून मी पलीकडची खोली चुन्यानं रंगवून घेतली होती. राग आला तो त्या रंगवलेल्या खोलीचा आला, आणि काढला पोरीवर.

आठवडाभर मी काय लिहायचं ते मनात जुळवत होतो. सकाळी पट्टीवर पाणी मोजायला जाताना, परत येताना, तेच. चूक झाली, असं आधी लिहायचं. मग नवीन घरात तुझं टेबल खिडकीशी लाव, असं लिहायचं. आईला माझ्या शुभेच्छा सांग, हे लिहायचं की नाही ते शनिवारपर्यंत ठरेना. शेवटी लिहायचं ठरवलं. रविवारी साडेनऊलाच आंघोळ करून बसलो.

नेट लागलं. चॅटचा प्रोग्राम उघडला आणि एक चौकट आली. तुमची आवृत्ती आता चालणार नाही, नवी घ्या. खाली एकच बटण होतं. हो म्हणायचं. नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती. मी ती चौकट चारदा बंद केली आणि चारदा ती परत आली, दाराशी आलेल्या वसुलीवाल्यासारखी. शेवटी हो म्हटलं. ते उतरायला दुपारचे दोन वाजले, आणि उतरल्यावर म्हणालं, तुमची सिस्टिम जुनी आहे, आधी सिस्टिमचं अपडेट टाका.

सोमवारी रजा टाकून मंचरला गेलो. क्लासवाले म्हणाले, “साहेब, तुमचं मशीन लई जुनं झालं राव. सिस्टिमचं अपडेट म्हंजी लई मोठ्ठं आसतं. त्ये टाकल्याबिगर चॅट चालायचं न्हाई.”

“मंग सीडीवर द्या की.”

त्यांनी सीडी दिली. माझ्या मशीनचा सीडीचा खण बाहेर यायचा, आत जायचा, आणि वाचायचा काहीच नाही. पुढच्या आठवड्यात क्लासवाले स्वतः आले, खण उघडून बघितला, फुंकर मारली आणि मान हलवली. मग म्हणाले, “आसं करू. ऑटोमॅटिक करून ठिवतो. रईवारी सकाळी नेट लावा आन् तसंच राहू द्या. त्ये आपलं आपण उतरवून घेतं. तुमी मधी हात लावू नका.”

रविवारच का, तर इतर दिवशी दिवसा वीज असायची नाही. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, तिथं तयार झालेली वीज आमच्या डोक्यावरून कुठं जायची कोण जाणे. रविवारी लोडशेडिंगला सुट्टी असायची. शिवाय लाइन तुटली तर परत जोडायला घरात माणूस पाहिजे, आणि मी घरी असायचो तो रविवारीच. म्हणून रविवारी सकाळी नऊला मी नेट लावायचो आणि समोर बसायचो.

स्क्रीनवर एक पट्टी यायची. तिच्यात हिरवे ठोकळे भरत जायचे आणि खाली टक्के. मी आयुष्यभर पाण्याचे टक्के लिहिलेला माणूस, मला टक्क्यांचं कौतुक नव्हतं. पण हे टक्के वेगळे. पाणी खाली गेलं तर कुणीतरी सोडलं म्हणून जातं. इथं चौदावर आलेलं काही कारण नसताना शून्यावर जायचं. लाइन तुटली, शून्य. वीज झपकन जाऊन आली, शून्य. आमच्या घाटाखाली वळवाच्या पावसात आभाळ गडगडलं की सगळ्या घरांत एकच काम, टीव्हीची पिन काढा, फोनची वायर काढा. एकदा वीज फोनच्या तारेवरून येऊन मोडेम जाळून गेली होती, तेव्हापासून मीही ढग आले की वायर ओढायचो. म्हणजे पुन्हा शून्य.

चौकीदार माझ्याकडे चहाला यायचा. त्यानं कॉम्प्युटर या गोष्टीचा एवढाच अर्थ घेतला होता की साहेबांच्या घरात एक टाकी आहे आणि ती भरत नाही.

“कितीवर आलं वो आज?”

“अठरा.”

“मागल्या रईवारी बी अठराच व्हतं की!”

“ते वेगळं अठरा होतं.”

तो विचार करायचा. मग म्हणायचा, “गळती आसंल कुटंतरी. बगा येकदा.”

जुलैत घोड नदी फुगली. ऑगस्टात धरण काठोकाठ भरलं, दरवाजे उघडले, लोक गाड्या करून पाणी बघायला आले. रविवारी त्यांची वर्दळ आणि भज्यांचे गाडे, आणि मी आत खिडकी लावून चाळीस टक्क्यांसमोर. एवढं मोठं धरण आमच्या डोळ्यांदेखत भरलं, पण ही पट्टी भरेना. चौकीदारानं ते बोलूनही दाखवलं आणि मी त्याच्यावर ओरडलो. तो चहा तसाच ठेवून गेला, दोन दिवस फिरकला नाही.

हे अपडेट ज्यांनी कुणी काढलं त्यांच्या गावाला वीज कधी जात नसावी. प्रत्येक वेळी त्या चौकटीत लिहिलेलं असायचं की हे तुमच्या सोयीसाठी आहे. माझ्या सोयीचं मला कुणी विचारलं नव्हतं. माझी सोय अशी होती की मशीन जुनं आहे, सावकाश चालतं, मीही सावकाश टाइप करतो, आणि पलीकडे मुलगी थांबते. एवढ्यात सुधारणा करायला सांगितलंय कुणी? मी अशी भाषणं रिकाम्या खोलीत मोठ्यानं करायचो. ऐकायला पालीशिवाय कुणी नसायचं.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या मार्गानं का नाही कळवलं? फोनची बंदी होती. ती मोडायला माझी ना नव्हती, पण नव्या घराचा नंबर माझ्याकडे नव्हता आणि मामाला फोन करून मागायला जीभ वळेना. पत्ताही नव्हता. घोडेगावच्या सायबर कॅफेतून एकदा ईमेल केला. ‘चॅट बंद आहे, कॉम्प्युटर दुरुस्तीला लागलाय, तू लिही.’ उत्तर आलं नाही. दुसरा केला नाही. एकदा लिहिलं, आता तिची पाळी, असा हिशोब मी मांडला. वडील आणि मुलगी यांच्यात पाळी कसली, हे तेव्हा सुचलं नाही.

अपडेट शेवटी उतरलं ते दसऱ्याच्या सुमारास. मग स्क्रीन निळी झाली आणि मोठ्या अक्षरांत आलं की अपडेट बसत आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.  संध्याकाळी पाचला ते बसलं. नवा चॅट टाकला. उघडायला पंधरा मिनिटं लागली, कारण आता मशीनला स्वतःचंच ओझं पेलवत नव्हतं. पण उघडला. यादीत मुलीचं नाव होतं, समोर करडं तोंड. म्हणजे ती तिथं नाही.

मी दहा ते अकरा बसायचो. नेट लावलं की आधी ऑटोमॅटिक आपलं काहीतरी नवं ओढायला लागायचं, चॅट अडकायचा, माउस हलायचा नाही. ते तोंड कधी रंगीत झालंच असेल तर मला दिसलं नसेल. दिवाळी गेली. भाऊबीजेनंतर मी पिशवी भरून नाशिकला निघालो. पत्ता नव्हता, पण तिची शाळा माहीत होती. सुट्ट्या संपून शाळा लागेल त्या दिवशी फाटकाशी उभं राहायचं ठरवलं. नारायणगावच्या स्टँडवर उतरलो, आणि नाशिकच्या तीन गाड्या समोरून गेल्या तरी बाकावरून उठलो नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या बापाला बघून तिच्या मैत्रिणींसमोर तिला काय वाटेल, हे एक कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण हे की ती न थांबता पुढे गेली असती तर? संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

त्यानंतर मी मनाशी निकाल लावून टाकला. तिला नवीन घर आहे, नवीन वडील आहेत, एका बोटानं टाइप करणारा माणूस तिला नको झालाय. या निकालावर मी दोन वर्षं काढली. ती कशी काढली ते लिहिण्यासारखं नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. पाणी मोजलं, रजिस्टर भरलं, रविवारी कपडे धुतले. मला फार एकटं वाटायचं. धरणावरून परत येताना आपल्या घराकडे बघायचं नाही असं करून चालायचो, कारण बंद दार लांबून दिसायचं. कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली होती. नेटची वायर मी कधीच काढून फेकली.

आणि मग जूनमध्ये, एका मंगळवारी, सकाळच्या घोडेगाव गाडीतून ती उतरली.

मी धरणावरून येत होतो. क्वार्टरच्या पायरीवर एक उंच मुलगी मांडीवर फाइल घेऊन बसली होती. मला वाटलं सर्वेची कुणी असेल. तिनं मान वर केली तेव्हा माझ्या आईचे डोळे दिसले.

“पप्पा,” ती म्हणाली, आणि उठून उभी राहिली. पुढे आली नाही. मीही गेलो नाही. मी कुलूप काढलं.

ती बारावीला गेली होती, सायन्सला. कॉलेजनं जात पडताळणीचे कागद मागितले होते. आईनं वाढवलं, आईनं शिकवलं, पण पडताळणीला कागद लागतात बापाकडचे. माझा शाळेचा दाखला, माझ्या वडिलांचा, जुन्या नोंदी. ते सगळं निमगाव सावाच्या शाळेत. म्हणून ती आली होती. तिनं हे सांगताना फाइल उघडून यादी दाखवली, मी उगाच दुसरा काही अर्थ काढू नये म्हणून. मी यादी वाचली. लाज वाटते सांगायला, पण त्या कायद्याचे मी मनातल्या मनात आभार मानले.

चहा केला. ती खोलीभर बघत होती. टेबलावरच्या फोनवर तिची नजर थांबली.

“आता जागेवर असतो वाटतं,” ती म्हणाली.

“काय?”

“रिसीव्हर.”

मला कळेना. ती कप खाली ठेवून म्हणाली, “तुम्ही चॅटवर यायचं बंद केलंत ना, तेव्हा मी फोन केला होता. घरून नाही, कोपऱ्यावरच्या एसटीडीतून. रविवारी दहा वाजता. एंगेज. थोड्या वेळानं परत, एंगेज. सात रविवार केला, पप्पा. एकदा तर साडेबारापर्यंत बूथमध्ये बसले. तो एसटीडीवाला म्हणाला, नंबर चुकीचा असेल. मी म्हटलं, नाही, नंबर बरोबर आहे, रिसीव्हर काढून ठेवलाय.”

इथं मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी वर सांगितली नाही. सांगण्यासारखी नव्हती म्हणून टाळली. आम्ही तिघं एकत्र राहत होतो तेव्हा माझी एक सवय होती. बायकोशी भांडण झालं की मी फोनचा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवायचो. तिच्या माहेरचा फोन येऊ नये, तिनं कुणाला सांगू नये, म्हणून. कधी एक दिवस, कधी चार दिवस. कुणी जागेवर ठेवला की मी परत काढायचो. मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची. ती त्या बाजूला पडलेल्या रिसीव्हरला कान लावून बसायची आणि आईला जाऊन सांगायची, अजून वाजतंय, पप्पांचा राग गेला नाही. तिच्या आईनं हेही त्या दिवशी विहारात सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं होतं.

म्हणजे मी ‘बरं’ लिहून कॉम्प्युटर बंद केला, आणि पुढच्या रविवारपासून माझा फोन लागेना. ज्या पोरीला एंगेज आवाजाचा एकच अर्थ लहानपणापासून माहीत, तिनं दुसरा कुठला अर्थ लावायचा?

मी घाईघाईनं सांगायला लागलो. नेट चालू असलं की फोन लागत नाही. चॅटची नवी आवृत्ती, सिस्टिमचं अपडेट, सीडीचा खण, शून्य टक्के, वळीव, वायर. तुझ्याशी बोलता यावं म्हणूनच तर लावून ठेवत होतो. अगदी त्याच वेळी, दहा वाजता, मी इथं याच खुर्चीत बसलेला होतो. सांगता सांगता मी चादर ओढून कॉम्प्युटर उघडा केला, पुरावा दाखवावा तसा. त्यावर धूळ नव्हती, एवढंच काय ते.

“आणि ईमेल केला होता मी!”

“ईमेल कोण बघतं, पप्पा?” ती म्हणाली. मग हळू म्हणाली, “आमच्याकडचा कॉम्प्युटर आपोआप अपडेट झाला असणार. मला तर काही कळलंही नाही.”

ती खोटं मानत नव्हती. ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं. पण तिला बरं वाटलं असंही दिसत नव्हतं. दोन वर्षं ती एक गोष्ट धरून बसली होती, आणि आता तिला कुणी सांगत होतं की तसं काही नव्हतंच. माझंही तेच. माझ्या रविवारांचा सगळा राग मी त्या अपडेटवर काढला होता, आणि तो राग रास्तच होता. पण लाइन एंगेज असते तेव्हा पप्पा रागावलेले असतात, हे तिला अपडेटनं शिकवलं नव्हतं. मी तसं म्हणालो. बरोबर याच शब्दांत नाही, पण म्हणालो. ती म्हणाली, “जाऊ द्या आता. शाळा किती वाजता उघडते?”

आम्ही निमगाव सावाला गेलो. तीन गाड्या बदलून, बहुतेक उभ्यानं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी जुनी रजिस्टरं काढायला लावली. माझ्या वडिलांच्या नोंदीत धर्मांतराआधीची जात होती, माझ्या नोंदीत बौद्ध. वडिलांच्या नोंदीसमोर पालकाची सही नव्हती, अंगठा होता, तो माझ्या आजोबांचा असावा. मुलगी त्या पानावर बराच वेळ वाकून बघत राहिली. मुख्याध्यापक दाखले लिहिताना मला म्हणाले, “पोरगी लई हुशार दिसती. तुमी लक्ष दिलं म्हनून.”  तिनं त्यांना खोडून काढलं नाही, आणि याबद्दल मी तिचे उपकार मानतो.

दुपार टळल्यावर नारायणगावच्या स्टँडवर आलो. उसाचा रस पिऊन झाला. तिनं फाइल दोनदा तपासली.  मी म्हटलं, पडताळणीचं पुढं काही लागलं तर सांग. ती म्हणाली, सांगेन. मग तिनं पिशवीतून मोबाइल काढला, आईचा जुना, रबरबँडनं बांधलेला.

“डिंभ्याचा नंबर तोच आहे ना?”

“तोच. पण आत्ता घरी कोण आहे उचलायला?”

 नंबर तिला पाठ होता, कुठं बघावा लागला नाही. दाबला आणि मोबाइल कानाला लावला. स्टँडवर कंडक्टर ओरडत होते, तिनं दुसरा कान हातानं झाकला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. क्षणभर मलाही भीती वाटली, की निघताना मी रिसीव्हर नीट ठेवला होता ना?

“वाजतोय,” ती म्हणाली.

तिनं मोबाइल आमच्या दोघांच्या मध्ये धरला. मी वाकून कान लावला. वाजत होता. नाशिकची गाडी फलाटाला लागली, लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरायला लागले. मी म्हटलं, अगं जागा मिळायची नाही. ती हलली नाही. तिनं परत मोबाइल कानाला लावला आणि डिंभ्याच्या बंद घरातला फोन आपोआप थांबेपर्यंत वाजू दिला.